पोस्टडॉकचे अर्ज बाद का होतात? कर्करोग संशोधनात जाऊ पाहणाऱ्या सोलापूरकरांसाठी

जीवशास्त्रात पीएचडी झाली आणि पुढे कर्करोगावर काम करायचं असेल, तर पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, मुख्य वाटा तीन. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेची (पूर्वीचं सर्ब) नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप म्हणजे एनपीडीएफ, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) रिसर्च असोसिएटशिप म्हणजे डीबीटी-आरए, आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) किंवा पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञान संस्था) अशा संस्थांत प्रकल्पांवर निघणारी रिसर्च असोसिएटची पदं. फॉर्म भरणं अवघड नाही. अर्ज पडतात ते कागदांवर.

पहिला अडथळा यजमान संस्थेचं पत्र. एनपीडीएफसाठी मेंटॉर, म्हणजे त्या संस्थेतला मार्गदर्शक, आधी शोधावा लागतो आणि तिथे तुमचा पीएचडीचा गाइड चालत नाही. मेंटॉरने मेलवर होकार दिला की लोक निर्धास्त होतात. पण हे पत्र, म्हणजे एन्डॉर्समेंट सर्टिफिकेट, लेटरहेडवर हवं आणि त्यावर सही-शिक्का संस्थाप्रमुखाचा हवा, मेंटॉरचा पुरत नाही. ती फाइल दोन-तीन टेबलं फिरते, साहेब दौऱ्यावर असतात, आणि पोर्टल कुणासाठी थांबत नाही. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता काही महिने आधीच पत्रव्यवहार सुरू करा. एकच मेल पन्नास प्रयोगशाळांना पाठवू नका, तो लगेच ओळखू येतो. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत वनस्पतीचा अर्क एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकून एमटीटी (किती पेशी जगल्या ते पाहणारी चाचणी) केलेली असते. चांगली सुरुवात आहे, पण प्रस्ताव तेवढ्यावर उभा राहत नाही. पेशी कोणत्या मार्गाने मेल्या आणि निरोगी पेशींचं काय झालं, हे मेंटॉर आधी विचारणारच.

दुसरा अडथळा जातीच्या दाखल्याचा, आणि इथे अर्जदाराचा दोष फार थोडा. एनपीडीएफची वयोमर्यादा 35 वर्षं. महिला, दिव्यांग, एससी, एसटी आणि ओबीसी उमेदवारांना 5 वर्षांची सवलत. ती घ्यायची तर ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. कॉलेज प्रवेशाला चाललेला राज्याचा दाखला आणि वेगळं नॉन-क्रिमिलेअर इथे उपयोगी नाही. एनटी, व्हीजे, एसबीसी हे राज्याचे वर्ग, केंद्राच्या फॉर्मवर ते रकानेच नाहीत. यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात नावानिशी तपासून घ्या. एसईबीसी दाखल्यावर केंद्राची सवलत मिळत नाही. सेतूत अर्ज देताना 'केंद्र शासनाचा नमुना' असं स्पष्ट सांगा, नाहीतर खिडकीवरून हमखास राज्याचाच दाखला हातात पडतो. बहुतेक ठिकाणी तो चालू आर्थिक वर्षातलाच मागतात, त्यामुळे मार्चमध्ये काढलेला एप्रिलमध्ये जुना झालेला असतो.

वय मोजतात ते अर्जाच्या शेवटच्या तारखेला. अर्ज आधी भरला म्हणून वय कमी धरत नाहीत. डीबीटी-आरएला मर्यादा 40, महिलांना 45. एनपीडीएफ आयुष्यात एकदाच मिळते आणि मुदत 2 वर्षं, तेव्हा घाईत कुठल्याही प्रयोगशाळेत ती खर्ची घालू नका.

पदवीच्या कागदावरून होणारा घोळ नेहमीचा. प्रबंध सादर केल्याची पावती, व्हायवानंतरचं नोटिफिकेशन, प्रोव्हिजनल आणि पदवी प्रमाणपत्र, हे चार वेगळे कागद आहेत. एनपीडीएफला प्रबंध सादर केलेलेही अर्ज करू शकतात. असोसिएटच्या जाहिरातीत पीएचडी हवी असेल, तर पावतीवर भागत नाही. दीक्षान्त समारंभाची वाट पाहत बसू नका, केगावला विद्यापीठात जाऊन प्रोव्हिजनल काढून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत जोडावी. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवत असाल तर कॉलेजचं ना हरकत पत्र आधीच मागा, प्राचार्य ते द्यायला का कचरतात हे एक कोडंच आहे.

विषय शोधताना मुंबईकडेच पाहायला हवं असं नाही. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून चालू आहे आणि आपल्याच जिल्ह्यात आहे. फक्त तिथली माहिती वापरायची तर लेखी परवानगी हवी, आणि रुग्णांचे नमुने घ्यायचे तर एथिक्स कमिटीची मंजुरीही.

प्रकल्पावरच्या पदांना बहुधा थेट मुलाखत असते. 1 जानेवारी 2023 पासूनच्या केंद्राच्या दराने पहिल्या पायरीच्या असोसिएटला महिना 58,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, पण जाहिरातीतला आकडा एकदा पाहून घ्या, काही प्रकल्पांत तो ठोक असतो. मूळ कागद सोबत न्या. रिपोर्टिंगची वेळ टळली की नाव नोंदवत नाहीत, त्यामुळे रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसवर भिस्त न ठेवता खारघरला आदल्या दिवशीच पोहोचा.