सीझियम, टंगस्टन आणि ‘भारित’ शब्दाचा गुंता

स्वच्छ टंगस्टनचे वर्क फंक्शन, म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण 4.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यावर सीझियम या धातूचा अपुरा थर बसला की ते दीडच्या आसपास उतरते. थर आणखी भरत नेला तर आकडा पुन्हा चढतो आणि निव्वळ सीझियमच्या 2.1 जवळ थांबतो. हा मधला खड्डा 1920-30 च्या दशकांत, रेडिओ व्हॉल्व्हच्या काळात मोजला गेला. फ्यूजन प्रयोगांसाठीच्या ऋण आयन स्रोतांत आजही त्याचाच उपयोग करून घेतात.

तापलेल्या टंगस्टनवर आदळलेला सीझियमचा जवळपास प्रत्येक अणू इलेक्ट्रॉन गमावून धन आयन (भारित अणू) होऊन परततो. त्यावरून समजूत रुजली, की चिकटलेला अणूही आयनच. बाहेर धन, आत ऋण अशा द्विध्रुवांचा, म्हणजे भारांच्या जोड्यांचा, थर तयार होतो आणि इलेक्ट्रॉनची वाट सोपी होते. दाटी झाली की द्विध्रुव एकमेकांना दाबतात, म्हणून खड्डा. 1935 मध्ये सुधारणा आली: धातूजवळ अणूची ऊर्जापातळी पसरट होते आणि अर्धवटच रिकामी होते. 1971 च्या गणिताने हा खड्डाही काढून दाखवला.

खरा वाद 1980 नंतर पेटला. नव्या गणितांनुसार सीझियमचा इलेक्ट्रॉन त्याला सोडून जातच नाही, अणू आणि धातू यांच्या मधल्या जागेत ओढला जातो. 1990 मध्ये मोजमापही आले. टंगस्टनकडे खरोखर भार गेला असता, तर त्याच्या पृष्ठभागावरील अणूंच्या आतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या हलायला हव्या होत्या. त्या जेमतेम हलल्या. अणू विरळ असताना तरी ते आयनच, हे मात्र आयन मानणाऱ्या बाजूने सोडले नाही. मला हे भांडण मुख्यतः हद्दीचे वाटते. द्विध्रुव मोजता येतो. भार कुणाचा किती, हे अणू कुठे संपतो आणि धातू कुठे सुरू होतो याची रेघ आखल्यावरच ठरते. तरीही पाठ्यपुस्तकांत चिकटलेल्या अणूवर बिनदिक्कत अधिकचे चिन्ह काढतात, हे खटकते. टंगस्टन स्फटिकाच्या ‘100’ नावाच्या पृष्ठावर नायट्रोजन वर्क फंक्शन कमी करतो. विद्युतऋणतेवरून (अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या कलावरून) चिन्ह ठरवणारा, नायट्रोजन इलेक्ट्रॉन ओढतो म्हणून आकडा वाढेल असे धरून, तिथे हमखास चुकतो.

‘भारित’ शब्द निःशंकपणे वापरता आला तो 2004 मध्ये. तांब्यावर मिठाचा अतिपातळ थर, त्यावर सोन्याचा एकटा अणू. अणू दाखवणाऱ्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या टोकाने व्होल्टेजचा झटका दिला की तो ऋण आयन होतो. चित्रात त्याचा उंचवटा बुटका दिसतो, भोवती खोलगट कडे. उलटा झटका दिला की जागच्या जागी पुन्हा उदासीन. खालच्या मिठातले आयन जरासे सरकून तो भार धरून ठेवतात.