शिळावर्तुळे आणि काळ्या मातीचा घोळ

'जितकं खोल, तितकं जुनं' हा नियम शाळेत शिकवतात. विदर्भातल्या शिळावर्तुळांजवळ तो जपूनच वापरावा लागतो.

नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे 300 वर्तुळे आहेत. काळ्या बसाल्टचे धोंडे गोलाकार मांडलेले, आत गोटे-मातीचा भराव आणि त्याखाली अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं दफन: काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, क्वचित हाडं. माहुरझरीला तर घोड्याची हाडं तांब्याच्या साजासकट मिळाली.

पावसाळ्यानंतर तरोटा आणि घाणेरी इतकी माजते की वर्तुळ दहा पावलांवरूनही ओळखू येत नाही. म्हणून होळीनंतर जावं, तेही सकाळी. तिरप्या उन्हात धोंड्यांवरचे कोरलेले छोटे खळगे सावलीने उठून दिसतात. फोटोसाठी त्यांत खडू भरू नये.

झुडपं मात्र पेटवू नयेत. याचं कारण भेगांमध्ये आहे.

काळ्या मातीतल्या चिकणखनिजाचे कण पापुद्र्यांचे असतात. पावसात पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून जातं, माती आकसते आणि तीन-चार बोटं रुंद, कधी मीटरभर खोल भेगा पडतात. वरचा कोळसा, मणी, खापराचे तुकडे त्यांत घरंगळतात. पुढच्या पावसात भेग मिटते आणि कालचा कोळसा दफनाच्या पातळीला जाऊन बसतो. उलट, फुगणारी माती मोठे दगड हळूहळू वर ढकलते. हे दरवर्षी, हजारो वर्षं. भांडी चिरडण्यात वरच्या वजनाबरोबर याचाही हात असतो.

आता कार्बन-14, म्हणजे ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन; तो किती उरला यावरून कोळशाचं किंवा हाडाचं वय काढतात. नमुना खरोखर 2700 वर्षांचा आहे आणि त्यात फक्त 10 टक्के आजचा कार्बन मिसळला, तर वय 2400 च्या आत येतं. तीनशे वर्षांची चूक! इतक्या जुन्या कार्बनमधला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त कार्बन-14 ऱ्हास पावलेला असतो, ताज्यातला जवळपास पुरा शाबूत. त्यामुळे ताज्याची थोडी भेसळही हिशेब ओढून नेते. हाडातून तारीख काढावी, तर उष्ण हवेत त्यातलं कोलॅजेन, म्हणजे ज्यातून तारीख काढतात ते प्रथिन, सहसा टिकत नाही.

म्हणून उत्खननात वर्तुळाचे चार भाग करून आधी समोरासमोरचे दोनच खणतात आणि मधे मातीची उभी भिंत राखतात. तिच्यात जुन्या भेगा वरून खाली निमुळत्या होत गेलेल्या पाचरीसारख्या दिसतात. पाचरीतला कोळसा नमुन्याला घ्यायचा नाही.

गुप्तधनवाले नेमका मध्यच खणतात, म्हणजे हा सगळा पुरावा पहिल्याच खड्ड्यात जातो. हाती येतात गंजलेलं लोखंड आणि खापरं. मांत्रिकाचे पैसे वेगळेच.

नवं वर्तुळ दिसलं तर दोन काटकोनी दिशांनी व्यास मोजा, धोंडे मोजा, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. पडलेला धोंडा 'जागेवर' उभा करू नका. तो कुठल्या बाजूला कलंडला, हीसुद्धा नोंद असते.