पडद्यावरील स्त्रीचा आघात : घटनेपासून स्मृतीपर्यंत

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९१५ सालच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या मूकपटात पाठलाग करणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषाच्या भीतीने एक गोरी मुलगी कड्यावरून उडी घेते, आणि तिच्या मृत्यूचे निमित्त करून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या सूडसत्राला वीरगाथेचे रूप दिले जाते. अत्याचाराची भीती येथे कथानकाला गती देण्यासाठी आणि वंशद्वेषाला नैतिक आधार मिळवून देण्यासाठी वापरली आहे. त्या मुलीच्या मनाची चौकशी कोणी करत नाही, आणि ती मेल्यामुळे तशी गरजही उरत नाही. पुढे कित्येक दशके देशोदेशीच्या चित्रपटांत हा साचा टिकून राहिला. अत्याचार स्त्रीवर व्हायचा, पण कथा असायची ती सूड घेणाऱ्या पित्याची, पतीची किंवा भावाची.

हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून ती कठोरपणे अमलात आली. बलात्काराचा उल्लेख कथेला अत्यावश्यक असेल तरच करावा, तोही केवळ सूचित करावा आणि विनोदाचा विषय म्हणून कधीही वापरू नये, असे त्या संहितेचे म्हणणे होते. यातली शेवटची अट आजही मोलाची आहे. मात्र संहितेचा सारा भर 'किती दाखवायचे' यावर होता, आणि या प्रश्नाने पुढची चर्चा इतकी व्यापून टाकली की 'कोणाच्या बाजूने दाखवायचे' हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न दीर्घकाळ मागेच राहिला.

याच बंधनांत राहून आयडा लुपिनो या दिग्दर्शिकेने १९५० साली 'आउटरेज' केला. रात्री उशिरा कामावरून घरी निघालेल्या तरुणीचा निर्मनुष्य रस्त्यांतून होणारा पाठलाग त्यात विस्ताराने दिसतो, परंतु प्रत्यक्ष हल्ल्याच्या क्षणी कॅमेरा दूर जातो, आणि 'बलात्कार' हा शब्द संपूर्ण चित्रपटात उच्चारला जात नाही. लुपिनोंना महत्त्वाचे वाटले ते त्यानंतरचे दिवस. कामावर परतलेल्या त्या तरुणीला शेजारच्या टेबलावर कागदांवर मारल्या जाणाऱ्या शिक्क्यांचा ठोकाही सहन होत नाही, ओळखीच्या माणसांच्या नजरा तिला नकोशा होतात, आणि अखेर ती घर सोडून निघून जाते. पुढे एक पुरुष तिच्याशी लगट करू लागतो, तेव्हा तिला त्याच्या जागी मूळ हल्लेखोरच दिसतो आणि ती त्याच्यावर वार करते. आघात म्हणजे सरून गेलेली घटना नसून क्षुल्लक आवाजानेही पुन्हा जागी होणारी स्थिती आहे, ही समज एवढ्या लवकर आणि एवढ्या साध्या साधनांनी पडद्यावर आली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्या समजेला स्वतःची दृश्यभाषा मिळाली ती आलँ रेने यांच्या १९५९ सालच्या 'हिरोशिमा मोनामूर'मध्ये. झोपलेल्या जपानी प्रियकराचा हात किंचित हलतो आणि निमिषमात्र पडद्यावर दुसराच हात दिसतो, फ्रेंच नायिकेच्या मरणासन्न जर्मन प्रियकराचा. शत्रुसैनिकावर प्रेम केले म्हणून जर्मन ताब्यातून सुटका झाल्यावर तिच्याच गावाने तिचे मुंडन केले होते आणि घरच्यांनी तिला तळघरात कोंडले होते, हे पुढे तुकड्यातुकड्यांनी उलगडत जाते. तोवर 'फ्लॅशबॅक' प्रामुख्याने मागची हकिगत सांगण्याच्या सोयीसाठी वापरला जाई. येथे आठवण न बोलावता येते आणि वर्तमानात घुसते. चित्रपटाच्या परिभाषेतला हा शब्द पुढे मानसशास्त्राने आघातग्रस्तांच्या अनुभवासाठी उचलला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९६८ मध्ये अमेरिकेतील संहिता संपुष्टात येऊन प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांच्या वर्गवारीची पद्धत आली आणि पडद्यावरील हिंसा उघड झाली, परंतु तेवढ्याने स्त्रीची बाजू पुढे आली नाही. बर्नार्दो बेर्तोलुची यांच्या १९७२ सालच्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'मधील बलात्काराच्या दृश्याचा एक तपशील मारिया श्नायडर या अवघ्या १९ वर्षांच्या अभिनेत्रीपासून मुद्दाम लपवण्यात आला होता. तिची प्रतिक्रिया अभिनेत्रीची नव्हे तर मुलीची हवी होती, असे समर्थन दिग्दर्शकाने पुढे केले. दृश्यातील आपले अश्रू खरे होते, असे तिने नंतर सांगितले. कलेसाठी खरी इजा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि या प्रकरणाला धाडसी प्रयोग म्हणणे मला अमान्य आहे. १९७५ मध्ये चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात मुख्य प्रवाहातील चित्रपटाची नजरच पुरुषी असल्याचे मांडले.

याच काळात वैद्यकीय ज्ञानही बदलत होते. अॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम या संशोधिकांनी १९७४ मध्ये बलात्कारानंतरच्या लक्षणांचे पद्धतशीर वर्णन केले, आणि १९८० मध्ये आघातोत्तर तणावविकाराला (पीटीएसडी) अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्थान मिळाले. १९८८ सालच्या 'द अक्यूज्ड'मध्ये पीडितेचे मद्यपान आणि कपडे यांवरून तिच्याच चारित्र्याची झडती घेतली जाते, आणि बघत उभे राहून चिथावणी देणाऱ्यांवर खटला भरला जातो. तरीही प्रत्यक्ष अत्याचार प्रेक्षकांना दिसतो तो शेवटाकडे, एका पुरुष साक्षीदाराच्या जबानीतून. जणू तिच्या एकटीच्या शब्दाने तो सिद्ध होत नव्हता. १९९४ सालच्या 'बँडिट क्वीन'ने तर फूलनदेवी हयात असताना तिच्यावरील अत्याचार पडद्यावर मांडले, आणि ते थांबवण्यासाठी तिला न्यायालयात जावे लागले.

अलीकडच्या काळात लुपिनोंची वाट पुन्हा चोखाळली जात आहे. सारा पॉली यांच्या २०२२ सालच्या 'वूमेन टॉकिंग'मध्ये अत्याचार दिसत नाहीत. दिसतात त्यानंतरच्या सकाळी, आणि आपल्या धार्मिक वसाहतीत राहायचे की निघून जायचे यावर बोलणाऱ्या स्त्रिया. त्याआधी २०१८ मध्ये जेनिफर फॉक्स यांनी 'द टेल'मध्ये स्वतःच्याच बालपणीच्या शोषणाची कथा सांगितली. नायिकेच्या आठवणीत १३ वर्षांची ती स्वतः चांगली थोराड मुलगी असते. आई जुने छायाचित्र दाखवते, आणि तेच प्रसंग खूपच लहान दिसणाऱ्या मुलीसह पुन्हा घडतात. त्याच वर्षी एचबीओ या अमेरिकन वाहिनीने आपल्या मालिकांतील जवळिकीच्या दृश्यांसाठी 'इंटिमसी कोऑर्डिनेटर', म्हणजे कलाकारांची संमती आणि सुरक्षितता सांभाळणारी व्यक्ती, नेमण्यास सुरुवात केली. 'द टेल'मधील लैंगिक प्रसंगांत त्या बालअभिनेत्रीच्या जागी प्रौढ स्त्री वापरली होती, हे चित्रपट स्वतःच प्रेक्षकांना सांगतो.