भिंतीतलं नाक

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आलो त्या पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या घरातलं कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांचे पुंजके दिसले. कपाटातल्या रेशमी साड्यांना कुबट वास लागलेला. घर शंभर वर्षांहून जुनं, लाल विटांचं, 'टेरेस' पद्धतीचं. टेरेस म्हणजे इथे गच्ची नव्हे, भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांची रांग. आपली बैठी चाळच, पण दुमजली. घरमालकाकडून पाहायला आलेल्या माणसाने नाक वाकडं केलं आणि म्हणाला, "तुम्ही लोक स्वयंपाक फार करता."

ते वाक्य मला अजून लागतं. चार माणसांचं कुठलंही कुटुंब श्वास, अंघोळ, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं. पिठलं शिजवा नाहीतर बटाटे उकडा, वाफ तीच. विचारायला हवं ते हे की ती वाफ घराबाहेर कुठून जाते.

२० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावतं, शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत साधारण १० ग्रॅम बाष्प असतं. एवढ्याने काही बिघडत नाही. पण कपाटामागे हीटरची ऊब पोहोचत नाही. तिथली भिंत १५ अंशांवर आली की तीच हवा भिंतीलगत ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. भिंतीवरून थेंब ओघळायची ती वाट पाहत नाही.

ही घरं बांधली तेव्हा खोल्याखोल्यांत कोळशाची शेगडी आणि वर धुराडं होतं. लाकडी जमिनीच्या फटींतून, सैल खिडक्यांतून हवा आत यायची आणि धुराड्यातून वर जायची. घर गार असायचं, वारं लागायचं, पण वाफेला वाट होती. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुकं बसलं, १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला, कोळसा हळूहळू गेला. रेडिएटर आले, धुराडी बुजली, दुहेरी काचांच्या खिडक्या बसल्या. ऊब वाचवायला प्रत्येक फट बंद केली आणि त्याबरोबर वाफेची वाटही बंद झाली.

साधा उपाय म्हणजे खिडकी उघडणे. बाहेर रिपरिप पाऊस चालू असताना खिडकी उघडून घर कोरडं होतं, हे आपल्या कोकणी मनाला पटत नाही, पण इथल्या थंडीत ते खरं आहे. शून्य अंशाची, ९० टक्के आर्द्रतेची ओली वाटणारी हवा आत येऊन २० अंशांना तापली, की तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. ती भिंतींची ओल शोषून घेते. फक्त पैसे मोजून तापवलेली ऊब त्याच खिडकीतून निघून जाते, म्हणून जानेवारीत खिडकी कोणी उघडत नाही.

मग हवा बाहेर सोडायची आणि ऊब मागे ठेवायची, हे जमेल का? कडाक्याच्या थंडीत नाकावर मफलर गुंडाळून पाहा. सोडलेला श्वास लोकर गरम करतो, पुढचा श्वास तीच ऊब घेऊन आत येतो. वाळवंटातला कांगारू उंदीर हेच नाकाने करतो. आत येणाऱ्या कोरड्या हवेने त्याचं नाक गार होतं, बाहेर जाणारा श्वास त्या गार नाकात थंडावतो आणि त्यातलं पाणी मागे राहतं.

आता आमच्या स्वतःच्या घरात भिंतीला १६ सेंटिमीटरचं आरपार भोक पाडून आम्ही असंच एक नाक बसवलं आहे. नळीत चिनीमातीचा ठोकळा आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असंख्य बारीक बोगद्यांचा. पंखा साधारण ७० सेकंद घरातली हवा बाहेर ढकलतो, ठोकळा तापतो. मग पंखा उलटा फिरतो आणि बाहेरची गार हवा त्या तापलेल्या बोगद्यांतून आत येते. दुसऱ्या खोलीतला जोडीदार पंखा नेमका उलट चालतो. एक आत घेतो तेव्हा दुसरा बाहेर सोडतो. टिश्यूपेपर समोर धरला की तो आधी फडफडतो, मग जाळीला चिकटतो.

हिशेब सोपा आहे. ताशी ३० घनमीटर हवा बदलायची आणि आतबाहेर २० अंशांचा फरक असेल, तर खिडकीतून २०० वॅट ऊब जाते. यंत्राने तीन चतुर्थांश परत मिळवली, तर १५० वॅट वाचतात. पंख्याला लागतात फक्त काही वॅट.

जाहिरातीतला ९० टक्क्यांचा आकडा मात्र घरात धरून चालू नका. हे पंखे अशक्त असतात. भिंतीवर थेट वारा आदळला की जोडीचा तोल बिघडतो. न्हाणीघरात तर हा प्रकार नकोच, कारण ठोकळ्यावर जमलेली ओल पुढच्या फेरीत पुन्हा आत येते. तिथे दोन्ही हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी शेजारून, पण न मिसळता नेणारं यंत्र बरं. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर पाणी घरात येतं. दोन खोल्यांच्या दारांखाली फट हवी. आणि खोली तापवायला धुराड्यातून धूर सोडणारी गॅसची शेगडी घरात असेल, तर जाणकाराला विचारल्याशिवाय कुठलाही हवा ओढणारा पंखा लावू नका. कार्बन मोनॉक्साइड उलटा खोलीत येऊ शकतो. छपराची पन्हळ गळत असेल, तर आधी ती दुरुस्त करा. ती ओल पंख्याने जाणार नाही.

आई रत्नागिरीहून विचारते, आपल्याकडे लावता येईल का? नाही गं. जुलैत तिथे बाहेरच्याच हवेत घनमीटरला २० ग्रॅमच्या वर बाष्प असतं. आत काय आणायचं?

'तुम्ही लोक' या बोलण्याची किंमत इंग्लंडने मोजली आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब नावाचा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहिल्यामुळे तो गेला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निघाला. घरमालक संस्थेने ओलीचा दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला होता. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून 'सामाजिक' घरांना, म्हणजे नगरपालिका आणि ना-नफा संस्था स्वस्त भाड्याने देतात त्या घरांना, लागू झाला. घातक ओल आणि बुरशीची पाहणी आणि दुरुस्ती आता ठरावीक मुदतीत करावी लागते.

आमच्या मागच्या खोलीतला आर्द्रतामापक या हिवाळ्यात बहुतेक दिवस ५० ते ५५ दाखवत होता. जुने काळे डाग मात्र आम्हालाच घासून काढावे लागले, आणि कपाट आता भिंतीपासून चार बोटं लांब आहे. दर तीन महिन्यांनी मी जाळी काढून नळाखाली धरते. रस्त्यावरच्या गाड्यांची काजळी असते ती. पहिलं पाणी काळं येतं, मग राखाडी, मग स्वच्छ.