बायोडिझेल आणि ग्रीन डिझेल: दोन्ही पामतेलाचीच, पण एक नव्हेत

इंडोनेशियात २०२५ पासून बी४० लागू आहे. म्हणजे डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलापासूनचं इंधन मिसळणं सरकारने सक्तीचं केलं आहे. २०२० मध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं. या ४० टक्क्यांना कुणी बायोडिझेल म्हणतं, कुणी ग्रीन डिझेल. कच्चा माल एक असला तरी ही इंधनं वेगळी आहेत, आणि बी४० मधला आकडा बायोडिझेलचा आहे.

बायोडिझेल बनवणं तुलनेने सोपं. पामतेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली उत्प्रेरक घालून साधारण ६० अंशांवर ढवळलं की ग्लिसरीन सुटून तळाशी बसतं आणि वर मिथाइल एस्टर राहतं. हेच बायोडिझेल. त्यात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे काजळी कमी होते, पण लिटरमागे ऊर्जाही ८-१० टक्के कमी मिळते. शिवाय ते ओलावा धरतं, जास्त दिवस साठवलं तर बिघडतं, आणि जुन्या टाकीतला गाळ सैल करून फिल्टर तुंबवतं. पामतेलात संपृक्त मेदाम्लं (थंडीत लवकर गोठणारी) भरपूर, म्हणून त्याचं एस्टर १५ अंशांच्या आसपासच गढुळायला लागतं. बी३० आणताना जावामधल्या थंड डिएंग पठारावर गाड्या कित्येक दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू होतात का, हे तपासावं लागलं ते याचमुळे. युरोपात साध्या डिझेलच्या मानकात बायोडिझेलची मर्यादा ७ टक्के आहे. ते पाहता ४० टक्के ही फार मोठी उडी आहे.

ग्रीन डिझेल रिफायनरीत बनतं. तेच पामतेल ३०० अंशांहून जास्त तापमानात, प्रचंड दाबाखाली हायड्रोजनसोबत उत्प्रेरकावरून नेतात. ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, ग्लिसरीनऐवजी प्रोपेन मिळतो, आणि उरतात शुद्ध हायड्रोकार्बनच्या साखळ्या, खनिज डिझेलमध्ये असतात तशाच. इंजिनाच्या दृष्टीने मिश्रणाची मर्यादा जवळजवळ उरतच नाही. इंडोनेशियाच्या पेर्तामिना या सरकारी तेल कंपनीने २०२० मध्ये दुमाई रिफायनरीत असं १०० टक्के पामतेलाचं डिझेल काढूनही दाखवलं. पण हायड्रोजन आणि उच्च दाबाची यंत्रणा महाग पडते, म्हणून सक्तीचा भार बायोडिझेलवरच आहे.

बायोडिझेलही स्वस्त नाही. पामतेलाच्या निर्यातीवर शुल्क लावून २०१५ मध्ये एक निधी उभारला गेला. बायोडिझेल आणि खनिज डिझेल यांच्या किमतीतला फरक त्यातून भरला जातो. खनिज तेल स्वस्त आणि पामतेल महाग झालं की या निधीवर ताण येतो.

माझ्या मते खरा प्रश्न या दोन्हींच्या अलीकडचा आहे. जंगल तोडून किंवा पाणथळ पीटजमीन (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, कार्बन साठवून ठेवणारी जमीन) कोरडी करून पामची लागवड केली असेल, तर त्या तेलाला मिथेनॉल लावा की हायड्रोजन, कार्बनचा हिशेब सुरुवातीलाच बिघडलेला असतो. ‘ग्रीन’ हा शब्द रिफायनरीतली प्रक्रिया सांगतो, मळ्याबद्दल काहीच सांगत नाही.

भारत जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार आहे, त्यामुळे हा हिशेब आपल्याही स्वयंपाकघरात येतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात सुमारे तीन आठवडे थांबवली, तेव्हा इथला तेलाचा बाजार हादरला होता. सक्तीचा टक्का वाढत जाईल तसं निर्यातीसाठी उरणारं तेल कमी होत जाईल, मग टाकीत बायोडिझेल जावो की ग्रीन डिझेल.