पार्श्वभूमी : बेडकांची नावं आणि त्यांचे आवाज

पावसाळी रात्री आंबोलीत थांबलं, तर एकाच वेळी कितीतरी तऱ्हेचे आवाज कानावर येतात. बोलताना आपण त्या सगळ्यांना बेडूकच म्हणतो. आवाज वेगळा तर बेडूकही वेगळा, हे मात्र फार पूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३ वं सूक्त मंडूकांचं आहे. त्यात म्हटलंय, ‘गोमायुरेको अजमायुरेकः पृश्निरेको हरित एक एषाम्’. एक गाईसारखा हंबरतो, एक बकरीसारखा ओरडतो, एक ठिपकेदार, एक हिरवा. नाव सगळ्यांचं एकच, रूपं निरनिराळी. हे लिहिणाऱ्याने डबक्याकाठी मन लावून ऐकलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

शास्त्रीय नावं पडली ती मात्र आवाज बाजूला ठेवून. ब्रिटिश काळात पकडलेला बेडूक स्पिरिटच्या बरणीत जाई आणि त्याची मापं, दात, बोटांमधला पडदा पाहून नाव ठरे. बरणीत रंग उडतो. आवाज तर उरतच नाही. १८९० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजर यांनी ब्रिटिश भारतातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा आणि उभयचरांचा (बेडूक आणि त्यांचे नातलग) मोठा ग्रंथ लिहिला, तोही लंडनमध्ये बसून, अशाच नमुन्यांवरून. अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये कॅसलरॉकच्या एका चिमुकल्या बेडकाला ‘बॉम्बेएन्सिस’ नाव दिलं. आज कर्नाटकात असलेलं कॅसलरॉक तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. बंगळूरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये पश्चिम घाटातल्या अनेक जाती नोंदवल्या, पण त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले. नाव कागदावर राहिलं, ते नेमकं कुणाचं हे पडताळायला काही उरलं नाही. २०१० मध्ये झुडपी बेडकांच्या एका वंशाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, रावांच्या स्मरणार्थ ‘राओर्चेस्टेस’ नाव मिळालं. ‘बॉम्बेएन्सिस’ आता त्याच वंशात मोडतो. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ ह. वि. घाटे यांच्या नावाचा ‘घाटेई’सुद्धा (२०१३) याच वंशातला.

आवाजाला पुन्हा महत्त्व आलं ते ध्वनिमुद्रणामुळे. नर गळ्याखालची पिशवी फुगवून साद घालतो आणि मादी आपल्या जातीचीच साद ओळखून जाते. त्यामुळे दिसायला सारख्या दोन जाती आवाजावरून वेगळ्या काढता येतात. २०१७ मध्ये पश्चिम घाटातून ‘निक्टीबॅट्राकस’ या रातबेडकांच्या वंशाच्या सात नव्या जाती जाहीर झाल्या, त्या शरीररचना, डीएनए आणि आवाज यांचा मेळ घालून. त्यांतल्या चार तर नखाएवढ्या आणि आवाजाने किड्यांसारख्या. इतकी वर्षं त्या नजरेतून सुटल्या यात नवल नाही. याच वंशातला ‘हुमायूनी’ १९५५ मध्ये नोंदवला गेला होता. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलाली यांच्या नावाच्या या बेडकाची मादीसुद्धा आवाज काढते, हे जगापुढे आलं २०१६ मध्ये. बेडकांत ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि बरणीतल्या नमुन्यावरून ती कधीच कळली नसती.

मोबाइलवर आवाज टिपणाऱ्यांनी जागा आणि वेळेबरोबर हवेचं तापमानही लिहून ठेवावं. बेडकाच्या अंगाची ऊब हवेबरोबर बदलते; उबदार रात्री तोच बेडूक भरभर ओरडतो, गार रात्री सावकाश, आणि ऐकणाऱ्याला त्या दोन जाती वाटू शकतात.