महागडा प्रोसेसर घेण्याआधी : गेमिंग वेगळं, काम वेगळं

आमच्या दुकानात कॉम्प्युटर जुळवून घेताना ‘टॉपचा प्रोसेसर टाका’ एवढंच सांगून कोटेशन मागितलं, की आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो : मशीनवर दिवसभर चालणार काय? गेमिंगचा टॉप एक आणि रेंडरिंगचा (थ्रीडी दृश्याचं पक्कं चित्र काढण्याचा) टॉप दुसराच.

निव्वळ गेमिंग असेल, तर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या प्रोसेसरमध्ये कोअर (काम करणारे भाग) फक्त ८ आहेत, पण एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, ९६ एमबी. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये कोअर २४ आणि एल३ कॅशे ३६ एमबी. गेमला लागणारा डेटा कॅशेत सापडला नाही, तर प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथेच फ्रेम अडखळतात. आधीच्या ७८००एक्स३डी मध्ये ही जादा कॅशे कोअरच्या वर बसवलेली होती, त्यामुळे उष्णता कोंडायची. आता ती कोअरच्या खाली गेली आहे, म्हणून क्लॉकही (चालण्याचा वेग) वाढवता आला. चांगला एअर कूलर याला पुरतो. २८५के मात्र जोर लागला की २५० वॉटपर्यंत जातो. त्याला ३६० एमएमचा लिक्विड कूलर आम्ही कोटेशनमध्ये धरतोच; मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

४के मॉनिटरवर खेळणार असाल, तर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. तेव्हा प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला. (आमचं बिल तेवढंच राहतं, तेव्हा या सल्ल्यात फार मोठा त्याग नाही.)

कामाचं गणित सॉफ्टवेअरवर ठरतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर प्रोसेसरवर काढत असाल, तर सगळे कोअर जुंपले जातात. तिथे १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स आणि २८५के यांच्यात एकोणीस-वीसचाच फरक. ऑटोकॅड मात्र बरंचसं एकाच कोअरवर चालतं, बाकीचे बसून राहतात. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांना आम्ही इंटेल सुचवतो. हल्लीचे कॅमेरे ४:२:२, १०-बिट एच.२६५ फाइल देतात, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेला, दाबून लहान केलेला व्हिडिओ. इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरमधला व्हिडिओसाठीचा खास भाग, या फाइल थेट हार्डवेअरवर उलगडतं, त्यामुळे टाइमलाइन अडकत नाही. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला ते जमत नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५० मालिकेचं ग्राफिक्स कार्ड टाकणार असाल, तर ही अडचण उरत नाही.

दोन्ही हवं असेल, तर रायझन ९ ९९५०एक्स३डी. यात ८-८ कोअरच्या दोन चिप असतात आणि जादा कॅशे त्यातल्या एकीवरच. गेम योग्य चिपवर पाठवण्याचं काम एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजमधलं गेम बार हे अॅप मिळून करतात. ‘फालतू अॅप’ म्हणून गेम बार काढून टाकू नका.

इंटेलचा जुना आय९ १३९००के किंवा १४९००के स्वस्तात मिळतोय? जपून. जास्त व्होल्टेजमुळे या पिढीचे काही प्रोसेसर खराब झाले. इंटेलने २०२४ मध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम, बायॉस अपडेटमधून येणारा) दिला, बॉक्स पॅकची, म्हणजे कंपनीच्या खोक्यातल्या प्रोसेसरची, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेली चिप बायॉस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) अपडेटने सुधारत नाही. नवा घेतानाही बॉक्स पॅकच मागा. ट्रे पॅकची, म्हणजे खोक्याशिवाय सुट्या मिळणाऱ्या प्रोसेसरची, वॉरंटी कंपनी नव्हे, विकणारा दुकानदार देतो.

रॅमच्या चार स्टिक लावायचा मोह आवरा. रायझन ९००० मालिकेत चार स्टिक लावल्या, की डीडीआर५ रॅमचा अधिकृत वेग ३६०० एमटी/सेकंदापर्यंत खाली येतो. ६४ जीबी हवी असेल, तर ३२ च्या दोन घ्या. त्याहून खूप जास्त रॅम आणि चार चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधले डेटाचे रस्ते) लागत असतील, तर विषय एएमडीच्या थ्रेडरिपर या मोठ्या वर्कस्टेशन प्रोसेसरचा. त्यासाठी दुकानात येऊन बसा, फोनवर ते होत नाही.

रायझनचं मशीन घरी नेल्यावर कधी रॅम बदललीत किंवा बायॉस अपडेट केलंत, तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेव्हा बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. पॉवर बटण दाबू नका, चहा घेऊन या. तरीही चित्र आलं नाही, तर मग आम्हाला फोन करा.